रेव्ह. नारायण वामन टिळक : विश्वास आधी की पाणी?

वऱ्हाडातील खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांत एक प्रश्न वारंवार निघतो. प्रभूवर मनापासून विश्वास ठेवला, परंतु बाप्तिस्मा घेतला नाही, तर तारण होते की नाही? अकोल्याकडील एखादा शेतकरी शुभवर्तमान वाचतो, रात्री घरात प्रार्थना करितो, पण भाऊबंद तुटतील या भीतीने पाण्याजवळ येत नाही. अमरावतीकडील दुसऱ्या एखाद्याचे नाव मंडळीच्या वहीत कित्येक वर्षे आहे, परंतु त्याच्या मुखी प्रभूचे नाव नाही. या दोघांविषयी काय म्हणावे, असे उपदेशकांस कोडे पडते. त्यावर वादविवाद करण्याऐवजी आम्ही आज वाचकांपुढे एक चरित्र ठेवितो.

नारायण वामन टिळक यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे ब्राह्मण कुळात झाला. त्यांचे शिक्षण नाशिकास झाले. पुढे संस्कृतचे विद्वान व कवी म्हणून त्यांचा लौकिक झाला. नागपुरास आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने ते ग्रंथांचे काम करीत. जातिभेदाने पोखरलेल्या आपल्या देशास कोणता धर्म तारील, हा विचार त्यांस स्वस्थ बसू देत नसे.

१८९३ साली नागपुराहून राजनांदगावास जात असता आगगाडीत त्यांची एका मिशनरी गृहस्थाशी गाठ पडली. हे अर्नेस्ट वॉर्ड. ज्या फ्री मेथडिस्ट मिशनचे कार्य आपल्या वऱ्हाडात यवतमाळ भागात झाले, त्याच मिशनचे हे सेवक होते. काव्यावर व धर्मावर बोलणे झाले. उतरताना वॉर्डसाहेबांनी त्यांस नव्या कराराचे पुस्तक दिले आणि ते वाचण्याचे वचन घेतले. दिलेल्या शब्दाखातर टिळकांनी वाचन आरंभिले. डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर त्यांचे मन तेथेच जडले. जे ते शोधीत होते ते त्यांस तेथे सापडले.

वाचकांनी येथे थोडे थांबावे. विश्वास जागा झाला, परंतु पाणी लागले नव्हते. त्या काळी कोणी नवा करार वाचला किंवा ख्रिस्ताची स्तुती केली, तर घरचे लोक एक वेळ सोसून घेत. बाप्तिस्मा झाला की मात्र जात गेली, पंगत गेली, बायकामुलेही दुरावली. टिळकांस हे पक्के ठाऊक होते. तरी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस अमेरिकन मिशनच्या मंडळीत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो आपल्याच देशबांधवाच्या हातून व्हावा अशी त्यांची इच्छा होती, म्हणून रेव्ह. तुकारामजी नथोजी यांनी तो दिला.

याची किंमत मोठी पडली. त्यांची पत्नी लक्ष्मीबाई दुःखाने खचल्या व लहानग्या मुलास घेऊन काही वर्षे माहेरच्या माणसांत राहिल्या. पुढे त्या पतीकडे आल्या, तरी सोवळेओवळे पाळीत राहिल्या. टिळकांनी त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही. एके दिवशी लक्ष्मीबाईंच्याच मनात विचार उभा राहिला, की ही जात देवाने केली की माणसाने? उत्तर सापडताच त्यांनी जातीचे बंधन टाकिले. त्यानंतर १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. म्हणजे पतिपत्नी दोघांच्याही बाबतीत अंतःकरण आधी पालटले आणि पाणी मागून आले.

१९०४ साली टिळकांस पाळकपणाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून ते ज्ञानोदयाच्या मराठी भागाचे संपादक होते. त्यांनी रचिलेली गीते मराठी मंडळ्या अजून गातात. तरी त्यांच्या जिवाला एक शल्य होते. ख्रिस्तावर प्रेम करणारे, पण मंडळीच्या दाराबाहेर उभे असलेले पुष्कळ जण त्यांस दिसत. बाप्तिस्मा म्हणजे देशबांधवांस सोडून परक्यांत जाणे, अशी लोकांची समजूत झाली होती. १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि सातारा येथे देवाचा दरबार स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, असे ख्रिस्ताचे सर्व शिष्य या दरबारात एकत्र यावेत, असा त्यांचा हेतू होता. यावर मंडळीत मतभेद झाले. कार्य पुरते रुजण्याआधीच ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांचे देहावसान झाले.

त्यांनी बाप्तिस्मा तुच्छ लेखिला काय? आम्हांस तसे वाटत नाही. ज्याने त्यासाठी घरदार पणास लाविले, तो त्यास तुच्छ कसा मानील? स्वतःचा बाप्तिस्मा त्यांनी कधी नाकारिला नाही. दुसऱ्याच्या विश्वासाची परीक्षा त्यांनी पाण्याने केली नाही, एवढेच. शास्त्रही याला साक्ष देते. वधस्तंभावरील चोरास बाप्तिस्म्याची संधी मिळाली नाही, तरी प्रभूने त्यास सुखलोकाचे अभिवचन दिले. कर्नेल्याच्या घरी पवित्र आत्मा पाण्याआधी उतरला. परंतु म्हणून पेत्राने पाणी वगळले नाही, उलट लगेच त्यांचा बाप्तिस्मा व्हावा अशी आज्ञा केली. तारण विश्वासाने होते. बाप्तिस्मा ही त्या विश्वासाची चारचौघांत दिलेली कबुली होय. पेरलेले बी जमिनीत जिवंत असते हे खरे, परंतु जिवंत बियास कोंब फुटल्यावाचून राहत नाही.

तेव्हा उपदेशक बंधूंनो, त्या शेतकऱ्यास नरकाचे भय घालू नका. त्याच्या ओसरीवर बसा, त्याच्यासंगे प्रार्थना करा. उद्या तो पाण्यात उतरला आणि भावकीने त्यास टाकिले, तर त्याच्या पेरणीला बैलजोडी कोण देईल, त्याच्या मुलीच्या लग्नात कोण उभे राहील, हे मंडळीने आधी ठरवावे. ज्याचे नाव केवळ वहीत आहे, त्यासही प्रेमाने सांगावे, की वही पाळकाच्या पेटीत असते, आणि प्रभू अंतःकरण पाहतो.