पॅट्रिक गेडिस

सर पॅट्रिक गेडिस (२ ऑक्टोबर १८५४ – १७ एप्रिल १९३२) हे स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ, समाजशास्त्रज्ञ व नगररचनाकार होते. आधुनिक नगररचनाशास्त्राच्या प्रवर्तकांत त्यांची गणना होते. मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्राचे ते पहिले प्राध्यापक होत.

पूर्वायुष्य

गेडिस यांचा जन्म स्कॉटलंडमधील बॅलाटर येथे झाला. लंडनमध्ये टी. एच. हक्सली यांच्या हाताखाली त्यांनी जीवशास्त्राचे अध्ययन केले. १८७९ मध्ये संशोधनासाठी मेक्सिकोस गेले असता त्यांची दृष्टी काही काळ गेली. ती परत आली, तरी सूक्ष्मदर्शकावरचे काम पूर्वीसारखे झेपेना. त्यांचे लक्ष हळूहळू मानवी वस्तीकडे वळले. १८८८ ते १९१९ या काळात ते डंडी येथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते.

१८८६ मध्ये अ‍ॅना मॉर्टन यांच्याशी विवाह झाल्यावर हे दांपत्य एडिंबराच्या जुन्या भागातील दाटीवाटीच्या जेम्स कोर्टमध्ये राहावयास गेले. तेथे त्यांनी शेजाऱ्यांना हाताशी धरून घरांची साफसफाई व दुरुस्ती केली. पाडण्याजोगे तेवढेच पाडावे आणि बाकीचे राखावे, ही त्यांची पद्धत येथेच आकारास आली.

विचार

आधी पाहणी, मग आराखडा, हे गेडिस यांच्या विचाराचे सूत्र होय. वैद्य जसा निदानावाचून औषध देत नाही, तसेच गल्ल्या, विहिरी, व्यवसाय व इतिहास जाणून घेतल्याशिवाय शहरास हात लावू नये, असे ते मानीत. वाढत वाढत एकमेकांत मिसळलेल्या शहरांसाठी ‘कॉनर्बेशन’ ही संज्ञा त्यांनी ‘सिटीज इन इव्होल्यूशन’ (१९१५) या ग्रंथात रूढ केली. वक्तृत्व मात्र त्यांना साधले नाही. ते दाढीत पुटपुटल्यासारखे बोलत आणि त्यांचे लेखनही क्लिष्ट असे. त्यांचे विचार दूरवर पोहोचले, त्याचे बरेचसे श्रेय लुईस ममफर्ड यांच्या लेखनास द्यावे लागते.

भारतातील कार्य

मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून गेडिस १९१४ मध्ये भारतात आले. त्यांचे नगरविषयक प्रदर्शन नेणारे जहाज ‘एमडेन’ या जर्मन युद्धनौकेने बुडविले. तेव्हा नवी सामग्री जमवून १९१५ मध्ये मद्रासला प्रदर्शन भरविण्यात आले. त्यानंतर त्यांनी अनेक भारतीय शहरांचे अहवाल लिहिले. त्या काळी स्वच्छतेच्या नावाखाली जुन्या वस्तीतून सरळ रुंद रस्ता काढण्याची चाल होती. घरे गमावलेली कुटुंबे शेजारच्या वस्तीत कोंबली जात आणि रोगराई उलट वाढे. हे गेडिस यांनी परखडपणे दाखवून दिले.

१९१७ हे वर्ष त्यांना फार कठीण गेले. थोरला मुलगा अ‍ॅलास्डर फ्रान्समधील रणांगणावर मारला गेला आणि थोड्याच काळात पत्नी अ‍ॅना भारतात निवर्तल्या.

होळकरांच्या इंदूरमध्ये त्यांनी प्लेगविरुद्ध दिवाळीच्या मिरवणुकीचा उपयोग केला. जेथे घरे सर्वांत स्वच्छ असतील त्या मार्गाने मिरवणूक जाईल, असे जाहीर होताच लोकांनी आपण होऊन केरकचरा काढला. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची भव्य प्रतिमाही होती. इंदूरचा अहवाल १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला.

१९१९ ते १९२४ ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनीच निवडून उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला धाडलेले गो. स. घुर्ये पुढे त्यांच्या जागी आले. जगदीशचंद्र बोस यांचे चरित्रही (१९२०) गेडिस यांनी लिहिले.

अखेरची वर्षे

१९२५ मध्ये त्यांनी तेल अवीवचा आराखडा तयार केला. फ्रान्समधील माँपेलिये येथे त्यांनी स्कॉट्स कॉलेज स्थापिले. १९३२ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला आणि त्याच वर्षी माँपेलिये येथेच त्यांचे निधन झाले.