पाठशोधक श्रीएकनाथ

ग्रंथातील अक्षर बदलणे सोपे. परंतु एकदा बदललेले अक्षर पुन्हा मूळ स्थानी आणणे महाकठीण होय. ज्यांच्या चरित्रावरून ही गोष्ट आम्हांस उमगली, त्या श्रीएकनाथांविषयी चार शब्द वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आमच्या आष्टीच्या उत्तरेस गोदातीरी पैठण क्षेत्र आहे. तेथे सोळाव्या शतकात संत भानुदासांच्या कुळात नाथांचा जन्म झाला. मातापितरे लवकर निवर्तल्यामुळे आजोबांनी त्यांचा सांभाळ केला. पुढे ते देवगिरीस जनार्दनस्वामींच्या सेवेस राहिले. एकदा हिशेबात एका पैचा मेळ बसेना, तेव्हा नाथ रात्रभर दिव्यापाशी वह्या चाळीत बसले आणि चूक सापडताच त्यांनी आनंदाने टाळी वाजविली, अशी कथा आहे. हीच चिकाटी पुढे त्यांच्या एका थोर कार्यात दिसून येते.

ज्ञानेश्वरी शके 1212, म्हणजे इ. स. 1290 मध्ये, नेवासे येथे सिद्ध झाली. त्या काळी पोथ्या हातानेच उतरवीत. कोणाचे अक्षर चुके, कोणी न समजलेला जुना शब्द काढून ओळखीचा घाली, कोणी स्वतःची ओवीच मध्ये बसवी. जवळजवळ तीनशे वर्षांत पाठ गढूळ झाला. नाथांनी तो शोधून शुद्ध केला व इ. स. 1584 मध्ये पैठणास ते काम संपविले. नाथ स्वतः थोर कवी. एकनाथी भागवत त्यांनी 1573 सालीच काशीस पूर्ण केले होते. तरीही आपल्या मोजक्या ओव्या त्यांनी ग्रंथाच्या शेवटी निराळ्या ठेविल्या आणि पुढे कोणी त्यात भर घालू नये, अशी ताकीद दिली.

हे सारे आम्हांस का आठवले? आमच्यापैकी एकाच्या आजोबांचे अभंग आम्ही संगणकावर उतरविले. एके ठिकाणी ‘मन’ या शब्दाच्या जागी वहीत ‘चित्त’ होते. तेवढी दुरुस्ती करण्यास शेलमधील ‘सेड’ ही आज्ञा योजिली. ती ओळीमागून ओळ तपासून एका अक्षरमालेच्या जागी दुसरी घालते. अर्थ मात्र तिला कळत नाही. क्षणात सर्व अभंगांतील ‘मन’ गेले आणि ‘नमन’ याचे ‘नचित्त’ झाले! उतरविलेली प्रत तीच एक होती. सुदैवाने आजोबांची वही शाबूत असल्यामुळे अभंग वाचले.

तेव्हापासून आम्ही मूळ प्रतीस हात लावीत नाही. बदल नव्या प्रतीत उतरवितो, शब्दाच्या दोन्ही सीमा आज्ञेत सांगतो आणि शेवटी दोन्ही प्रती ओळीस ओळ लावून ताडून पाहतो. यंत्र वेगाने अक्षरे बदलील. पण कोणते अक्षर बदलण्याचा आपणांस अधिकार नाही, हे ओळखण्यास नाथांचाच विवेक हवा.