पुराणिकाची लेक

वरवंडहून पुण्याकडे निघालं की चौफुल्याला उजव्या हाताला केडगावचा फाटा लागतो. आमच्या भागातल्या माणसाला केडगाव म्हणजे बाजार, स्टेशन आणि मिशन. त्या मिशनच्या पंडिता रमाबाईंविषयी बहुतेकांना दोनच गोष्टी ठाऊक असतात: त्या विद्वान होत्या आणि त्या ख्रिस्ती झाल्या. मला मात्र त्या नेहमी पुराणिकाची लेक म्हणूनच दिसतात.

वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष ओढवला, तेव्हा त्यांनी गंगामूळच्या रानात बिऱ्हाड केलं. तिथे १८५८ साली रमा जन्मली. पुढे हे कुटुंब देशभर पायी हिंडलं. देवळात, नदीच्या घाटावर पुराण सांगायचं, ऐकणाऱ्यांनी पुढे ठेवलेल्या शिध्यावर दिवस काढायचे. ऐकणाऱ्याचं लक्ष कुठे उडतं आणि कुठे त्याचा गळा दाटून येतो, हे त्या पोरीला अक्षरओळखीइतकंच लवकर कळलं असणार. पण त्या पुराणांनी पोट भरलं नाही. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतरानं गेले. रमा आणि भाऊ श्रीनिवास चालत राहिले. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी तिला ‘सरस्वती’ म्हटलं, तेव्हा ती जेमतेम वीस वर्षांची होती.

भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पतीही गेले. १८८२ साली तान्ह्या मनोरमेला घेऊन त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला. त्याच वर्षी हंटर आयोगापुढे त्यांनी बायकांच्या दुखण्याची हकीकत मराठीत मांडली. पुरुष डॉक्टरांपुढे बोलायची लाज वाटते म्हणून बायका दुखणं अंगावर काढून मरतात, तेव्हा बायकांनाच डॉक्टरकी शिकवा, असं त्यांचं म्हणणं होतं.

मग इंग्लंड, तिथे धर्मांतर, आणि १८८६ साली आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिका. इथल्या उच्चवर्णीय विधवांचं जगणं त्यांनी इंग्रजी पुस्तकात लिहिलं आणि गावोगाव व्याख्यानांतून सांगितलं. ते ऐकून १८८७ साली बोस्टनला त्यांच्या नावानं संस्था निघाली आणि तिच्या सभासदांनी दहा वर्षं वर्गणी देण्याचं कबूल केलं. बँकेत आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला याचं फार नवल वाटतं. तारण काही नाही, जामीन कोणी नाही, पुढ्यात फक्त एका परक्या बाईची हकीकत!

घरची दुःखं परक्या दारात नेली, याचा राग पुण्यात अनेकांना आला. तो अगदीच निराधार होता असं मी म्हणणार नाही. पण बाईंनी उलट दिशेचीही हकीकत सांगितली, हे आपण विसरतो. १८८९ साली अमेरिकेवरचं त्यांचं मराठी पुस्तक निघालं. तिथल्या बायकांनाही हक्कांसाठी झगडावं लागतं, काळ्या माणसाला तिथेही हीन वागणूक मिळते, हे त्यांनी मराठी वाचकाला मोकळेपणानं सांगितलं.

त्याच वर्षी मुंबईत शारदा सदन सुरू झालं, नंतर ते पुण्यात आलं. तिथे शिकलेल्या विधवा गोदूबाईंशी धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली विवाह केला. पण त्याच वर्षी धर्मांतराच्या वादावरून अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. बाईंचं ऐकणारं पुणं तुटलं ते तिथे, आणि त्यात दोन्ही बाजूंचा अट्टहास होता.

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात मुली उपाशी मरत होत्या. स्वतः भूक भोगलेल्या रमाबाई तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशेजणींना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून केडगावच्या शेतावर मुक्काम पडला. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतल्या आल्या. कोणाची बोली कोणाला कळेना अशी गत असणार! त्यांना विणकाम, शेती, छपाई शिकवली. अंध मुलींना ब्रेल.

शेवटची वर्षं बाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्यात घालवली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. कमी शिकलेल्या बाईलाही कळावं म्हणून या संस्कृत पंडितेनं त्यात जड संस्कृत शब्द कटाक्षानं टाळले होते. केडगावच्या छापखान्यात त्याचे खिळे जुळवले ते तिथल्याच बायकांनी.