अब्राहम लिंकन आणि तेरावी घटनादुरुस्ती

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ लिहिला आणि अर्पण केला तो अमेरिकेतल्या लोकांना, काळ्या गुलामांना दास्यातून सोडवलं म्हणून. पुण्यात बसून जोतीरावांना सातासमुद्रापलीकडच्या त्या लढ्याचं मोल कळलं होतं. तो लढा झाला तेव्हा अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होते अब्राहम लिंकन.

१२ फेब्रुवारी १८०९ रोजी केंटकीत, लाकडाच्या ओंडक्यांच्या खोपटात त्यांचा जन्म झाला. शाळा सगळी मिळून वर्षभरही नाही. मागून आणलेली पुस्तकं वाचून शिकले, वकील झाले, १८६० साली राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. लिंकन पहिल्यापासून मुक्तिदाते नव्हते. १८६१ च्या शपथविधीच्या भाषणात, जिथं गुलामगिरी आहे तिथं ती घटनेनं राखायलाही त्यांनी हरकत घेतली नव्हती. पुढं यादवी युद्ध पेटलं आणि माणूस बदलत गेला.

१ जानेवारी १८६३ ला त्यांनी मुक्तीचा जाहीरनामा काढला. पण तो बंडखोर भागापुरताच. खुद्द केंटकीतले गुलाम गुलामच राहिले! शिवाय हा युद्धकाळातला हुकूम. लढाई संपल्यावर कोर्टात टिकेल का, ही वकील लिंकनना धास्ती. म्हणून घटनाच बदलायची.

तिथं घटनादुरुस्तीला राष्ट्राध्यक्षाचं मतही लागत नाही नि सहीही. १८६४ च्या एप्रिलमध्ये सिनेटनं ठराव मंजूर केला, जूनमध्ये प्रतिनिधी सभेत तो पडला. लिंकननी पक्षाच्या जाहीरनाम्यात ही मागणी घालायला लावली, नोव्हेंबरात पुन्हा निवडून आले, आणि नव्या सभेची वाट न बघता जुन्याच सभेतल्या विरोधकांना एकेक करून वळवायला लागले. ३१ जानेवारी १८६५ ला ११९ विरुद्ध ५६ मतांनी ठराव पास झाला. लागणाऱ्या मतांपेक्षा फक्त दोन जास्त! दुसऱ्या दिवशी लिंकननी गरज नसताना त्यावर सही केली.

दुरुस्तीत एक फट राहिली : गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीची मजुरी चालेल. दक्षिणेतल्या राज्यांनी पुढं ह्याच फटीतून मुक्त झालेल्यांना पुन्हा जुंपलं. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालच्या मसुदा समितीनं घडवलेल्या आपल्या घटनेत १७ व्या कलमानं अस्पृश्यता कुठल्याही रूपात पाळायला बंदी केली, अपवाद ठेवला नाही.

१४ एप्रिल १८६५ च्या रात्री वॉशिंग्टनच्या नाटकगृहात लिंकनना गोळी घातली गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. ३६ पैकी २७ राज्यांची संमती लागत होती. सत्ताविसावी, जॉर्जियाची, ६ डिसेंबरला मिळाली. तोवर लिंकनना जाऊन जवळजवळ आठ महिने झाले होते.