चांदणी चौकातलं बल्बचं मार्केट कधीकाळी होता बेगम समरूचा महाल

दिल्लीच्या चांदणी चौकातलं भागीरथ पॅलेस म्हणजे इलेक्ट्रिक मालाचं होलसेल मार्केट. इथं बोर्ड आणि वायरींच्या जंजाळामागे उंच खांबांची एक जुनी इमारत दिसते. हा होता बेगम समरूचा महाल.

तिचं मूळ नाव फरजाना. कोठ्यावर नाचणारी ही मुलगी वॉल्टर राइनहार्ट या युरोपियन भाडोत्री सेनानीच्या आयुष्यात आली. १७७८ मध्ये तो वारला आणि त्याची फौज, मेरठजवळची सरधन्याची जहागीर तिने ताब्यात घेतली. १७८१ मध्ये ती कॅथलिक झाली. १८०३ साली असईच्या लढाईत तिच्या पलटणी दौलतराव शिंद्यांच्या बाजूने होत्या. त्याच वर्षी दिल्ली इंग्रजांकडे गेली. बेगमने त्यांच्याशी जुळवून घेतलं आणि जहागीर मरेपर्यंत टिकवली.

१८३६ मध्ये ती गेली आणि कंपनीने सरधना खालसा केलं. महालात दिल्ली बँक आली. १८५७ च्या उठावात बँकेचा मॅनेजर बेरेसफर्ड इथंच मारला गेला. पुढे लाला भागीरथ मल यांनी इमारत विकत घेतली आणि त्यांचंच नाव चिकटलं.

बेगमचं नाव जपलंय ते सरधन्यात, तिनेच बांधलेल्या चर्चमध्ये. तिची कबरही तिथंच आहे.