भानपुऱ्याची तीन वर्षं : यशवंतराव होळकरांच्या आयुष्यातला न सांगितला जाणारा भाग

इंदूरहून धारला निघालं की वाटेत बेटमा लागतं. एका बाजूला होळकरांचं इंदूर, दुसऱ्या बाजूला पवारांचं धार. आज तिथे बावलीच्या गुरुद्वारामुळे लोक थांबतात, बाकी गाड्या पुढे पळतात. सव्वादोनशे वर्षांपूर्वी मात्र माळव्याचा हा पट्टा घोड्यांच्या टापांखाली भरडला जात होता. त्या काळात ज्या माणसाचं नाव इथे सगळ्यांत जास्त घेतलं गेलं, ते म्हणजे यशवंतराव होळकर.

त्यांची गोष्ट आपल्याकडे साधारण अशी सांगतात : इंग्रजांना धूळ चारली, बाजीरावाला पुण्यातून पळवलं, दिल्लीपर्यंत धडक मारली. तिथे गोष्ट थांबते. पुढच्या सहा वर्षांबद्दल फार कोणी बोलत नाही. बोललंच तर शेवटी वेड लागलं, दारूने गेले, एवढं म्हणून विषय संपतो. एवढ्यावर संपण्यासारखा तो विषय नाही.

सुरुवात १७९७ पासून करावी लागते. त्या वर्षी ऑगस्टमध्ये वडील तुकोजीराव पुण्यात वारले. यशवंतरावांचा जन्म १७७६ चा, म्हणजे वय विशीच्या आसपास. ते आणि विठोजी हे तुकोजींचे औरस नसलेले मुलगे. गादीवरून काशीराव आणि मल्हारराव या औरस भावांत तंटा लागला, आणि दौलतराव शिंद्यांनी काशीरावाची बाजू घेतली. वडिलांना जाऊन महिनाही झाला नव्हता. सप्टेंबरच्या एका रात्री शिंद्यांच्या फौजेने मल्हाररावांच्या छावणीवर छापा घातला. मल्हारराव मारले गेले. यशवंतराव कसेबसे निसटले आणि नागपूरला भोसल्यांच्या आश्रयाला गेले, तर तिथे कैदेत पडले. तिथूनही पळाले आणि धारच्या आनंदराव पवारांकडे आले. शिंद्यांचा दाब आल्यावर तेही आसरं सुटलं. बरोबर मूठभर माणसं, आणि डोक्यात भावाचं मरण.

मग १८०१ चा एप्रिल आला. विठोजी पेशव्यांच्या हाती सापडले. शनिवारवाड्यासमोर त्यांना हत्तीच्या पायी देण्यात आलं, आणि बाजीराव ते पाहत होता. लढाईत भाऊ पडणं वेगळं आणि हे वेगळं. ज्या दरबाराची होळकरांनी तीन पिढ्या चाकरी केली, त्याच दरबाराने भर चौकात हे केलं. त्याआधी केव्हातरी बंदूक फुटून यशवंतरावांचा एक डोळाही गेला होता.

त्यानंतरचे यशवंतराव सूडाने पेटलेले दिसतात. जुलै १८०१ मध्ये त्यांनी उज्जैनजवळ शिंद्यांच्या पलटणी मोडल्या आणि शहराकडून जबर पैसा वसूल केला. त्याचा बदला म्हणून ऑक्टोबरमध्ये शिंद्यांचे सर्जेराव घाटगे इंदुरात शिरले आणि शहर लुटलं. अब्रूच्या भीतीने बायकांनी विहिरींत उड्या घेतल्या आणि विहिरी प्रेतांनी भरल्या, असं त्या काळचं वर्णन आहे. पुढच्या वर्षी, २५ ऑक्टोबर १८०२ ला, ऐन दिवाळीत हडपसरची लढाई झाली आणि पेशवा वसईला पळाला. होळकर आणि शिंदे या दोघांच्या फौजांनी दख्खन इतकं उजाड केलं, की १८०३-०४ च्या दुष्काळात पुणे-नगरकडची गावंच्या गावं ओस पडली. जखमी माणसाची गोष्ट सांगताना त्याने केलेल्या जखमा गाळून चालणार नाही. नगरच्या शेतकऱ्याने यशवंतरावांचं काहीच बिघडवलं नव्हतं.

माळव्यात या सगळ्या काळाला नावच पडलं, 'गर्दी का वक्त'. आज आपण गर्दी म्हणतो ती बाजारातली किंवा एसटीतली. तेव्हाची गर्दी म्हणजे धुमाकूळ, दंगल, जीव घेऊन पळणं. पानिपतानंतर मराठीत भाऊगर्दी आली ती याच अर्थाने. गाव लुटून फौज पुढे जाते, पण शब्द मागे राहतो. पुढे कित्येक वर्षं म्हातारी माणसं एखादी गोष्ट गर्दीच्या आधीची की नंतरची, असं विचारायची.

इंग्रजांशी झालेलं युद्ध सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. १८०४ च्या पावसाळ्यात कर्नल मॉन्सनची फौज मुकुंदरा घाटापासून आग्र्यापर्यंत पार धुळीला मिळाली. पण त्याच नोव्हेंबरात डीग आणि फर्रुखाबाद इथे डाव उलटला. मदत मागत यशवंतराव थेट पंजाबात गेले, ती मिळाली नाही, आणि डिसेंबर १८०५ मध्ये राजघाटचा तह करावा लागला.

परत आले ते भानपुऱ्याला. मंदसौर जिल्ह्यातलं हे गाव, राजस्थानच्या सीमेला लागून. तिथे त्यांनी तोफा ओतण्याचा कारखाना घातला. राजा असून स्वतः भट्टीपाशी उभे राहायचे, वितळलेल्या धातूत हात घालायचे तेवढं बाकी. दिवसरात्र तेच, आणि जोडीला दारू. याच सुमाराला घरात दोन मृत्यू झाले. ज्याच्या नावाने त्यांनी राज्य राखलं तो मल्हाररावांचा दहाएक वर्षांचा मुलगा खंडेराव, आणि भाऊ काशीराव. दोन्ही यशवंतरावांच्याच सांगण्यावरून झाले, असा आरोप तेव्हापासून आहे. हे न मानणारेही आहेत. खरं असेल, तर ज्या भावाच्या खुनापासून सगळं सुरू झालं त्याच भावाचं लेकरू गेलं, आणि पुतण्याचा जीव काकाने घेतला.

१८०८ मध्ये तोल पूर्ण गेला. आधी विसरायला होऊ लागलं, मग क्षुल्लक कारणावरून संताप, मग अंगावर धावून जाणं. माणूस ताकदीचा, कोणाला आवरेना. शेवटी दोरांनी बांधून ठेवलं. पुढे हळूहळू सगळं शांत झालं, पण बोलणंही गेलं. दूध पाजून जगवत होते. अशी तीन वर्षं. कारभार तुळसाबाई पाहत होत्या. ऑक्टोबर १८११ मध्ये यशवंतराव गेले. वय चौतीस.

हा तपशील मुख्यतः जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याच्या लिखाणातून येतो. म्हणजे शत्रूची लेखणी, हे ध्यानात ठेवलं पाहिजे. सतत भट्टीजवळ राहणं आणि बेसुमार पिणं ही कारणं त्याच काळापासून सांगितली जातात. मेंदूचा एखादा आजारही असू शकेल. दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसाला इथून कोणी निदान चिकटवू नये. पण दारू आणि भट्टी ही कारणं होती की आधीपासूनच्या ठणक्यावर त्यांनी शोधलेला उतारा, हे विचारायला हरकत नाही. माझं मत दुसऱ्या बाजूने झुकतं. झोप न लागणारा, स्वस्थ न बसणारा, सारखं हाताला काम शोधणारा लढवय्या आज एखाद्या मानसोपचारतज्ज्ञासमोर आला, तर तो आधी दारू मोजणार नाही, काय काय पाहिलंस ते विचारेल. पहिल्या महायुद्धात असे हजारो सैनिक परतले तेव्हा युरोपातल्या डॉक्टरांना ते दिसलं. आघातानंतरच्या या विकाराला अमेरिकेच्या वैद्यकीय यादीत स्वतंत्र जागा मिळाली ती १९८० मध्ये.

आणि बांधून ठेवणं? यशवंतरावांच्या माणसांकडे दुसरा उपाय नव्हता. २००१ मध्ये तमिळनाडूतल्या एरवाडीला आग लागली तेव्हाही मनोरुग्ण साखळदंडात होते, पळता न आल्याने २८ जण गेले. साखळीने बांधायला आपल्या देशात कायद्याने स्पष्ट बंदी आली ती २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने.

यशवंतरावांच्या मागे गादीवर बसलेला मल्हारराव तेव्हा पाच वर्षांचा होता. डिसेंबर १८१७ मध्ये, महिदपूरच्या लढाईच्या आदल्या दिवशी, होळकरांच्याच फौजेतल्या लोकांनी तुळसाबाईंना क्षिप्रेच्या काठी नेऊन मारलं. दुसऱ्या दिवशी अकरा वर्षांचा मल्हारराव रणांगणावर होता. लढाई हरली, जानेवारी १८१८ मध्ये मंदसौरचा तह झाला आणि राजधानी इंदूरला आली. यशवंतरावांची छत्री मात्र भानपुऱ्यातच आहे.