पडद्यावरचे कोटणीस आणि सोलापूरचे द्वारकानाथ

जुन्या बोलपटांच्या शौकिनांची बैठक सोलापुरात जमली आणि तीत ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’चा विषय निघाला नाही, असे सहसा घडत नाही. प्रारंभ कोठूनही होवो, ‘संत तुकाराम’मधील पागनीसांपासून होवो की ‘माणूस’ आणि ‘शेजारी’पासून होवो, प्रभातची तुतारी वाजून झाली की संभाषणाची गाडी राजकमलच्या फाटकाशी येऊन थांबते आणि कोणीतरी अभिमानाने स्मरण करून देतो की त्या चित्रपटाचा नायक आपल्या गावचा होता. मग शांतारामबापूंचा अभिनय सरस की दिग्दर्शन, जयश्रीबाईंची चिंग लान किती हृद्य, वसंत देसाईंचे संगीत प्रसंगांना कसे उठाव देते, यावर रात्र सरते. या सर्व चर्चेत ज्याच्या आयुष्यावर चित्रपट बेतला तो माणूस मात्र हळूहळू मागे सरतो आणि त्याच्या जागी व्ही. शांताराम यांचा चेहरा येऊन बसतो. १९०१ साली जन्मलेले शांताराम १९४६ मध्ये पंचेचाळिशीत होते. ज्यांची भूमिका त्यांनी केली ते द्वारकानाथ कोटणीस वयाच्या बत्तिसाव्या वर्षीच हे जग सोडून गेले होते. त्यामुळे सोलापूरकरांच्या मनात आपल्या या सुपुत्राचे जे रूप ठसले आहे, ते प्रत्यक्षाहून बरेच वडीलधारे आहे!

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. दोन भाऊ व पाच बहिणी असलेले हे मध्यमवर्गीय कुटुंब. कापड गिरण्यांच्या भोंग्यांवर ज्या शहराचा दिवस उगवत आणि मावळत असे, त्या शहरात हा मुलगा वाढला. १९३० च्या मे महिन्यात याच शहराने मार्शल लॉ अनुभवला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा हे चार सोलापूरकर येरवड्यात फासावर गेले. द्वारकानाथ त्या वेळी वीस वर्षांचे होते. पुढील आयुष्यात त्यांनी जो मार्ग धरला त्याची मुळे एखाद्या एकाच प्रसंगात शोधणे धाडसाचे ठरेल. परंतु परकी सत्तेखाली चिरडले जाणे म्हणजे काय, हे त्यांना वर्तमानपत्रातून शिकावे लागले नव्हते, एवढे निश्चित.

मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि पदव्युत्तर परीक्षेची तयारी आरंभली. त्या काळी मध्यमवर्गीय घरातील डॉक्टर मुलगा म्हणजे त्या घराची वर्षानुवर्षांची बचत असे. भावंडांची शिक्षणे, बहिणींची लग्ने, आईवडिलांचे उतारवय, या सर्वांची हमी त्याच्या दवाखान्याच्या पाटीवर लिहिलेली असे. द्वारकानाथ कोटणीस यांनी चीनला जाण्याचा निर्णय घेतला तेव्हा त्यांनी केवळ स्वतःच्या सुखावर पाणी सोडले नाही; ही सारी हमीच त्यांनी दूरवरच्या एका युद्धात गुंतविली. त्यांच्या त्यागाची चर्चा करताना या हिशेबाकडे सहसा दुर्लक्ष होते. घरच्या माणसांनी जे सोसले ते त्यांच्या खात्यावर कोणी जमा करीत नाही.

१९३७ मध्ये जपानने चीनवर आक्रमण केले. आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू-ते यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्याची मागणी केली. काँग्रेसचे त्या वेळचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी १९३८ च्या जून महिनाअखेर देशाला आवाहन केले आणि ‘चीन दिन’ पाळून बावीस हजार रुपयांचा निधी उभा राहिला. स्वतः पारतंत्र्यात असलेल्या देशाने दुसऱ्या पीडित देशासाठी वर्गणी गोळा करावी, ही घटना रकमेच्या मानाने फार मोठी होती. अलाहाबादचे डॉ. अटल पथकाचे प्रमुख झाले. नागपूरचे वयोवृद्ध डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस अशा पाच जणांनी १ सप्टेंबर १९३८ रोजी ‘राजपुताना’ बोटीने मुंबईचा किनारा सोडला. कोटणीस अद्याप अठ्ठावीस वर्षांचेही झाले नव्हते.

ते कँटनला पोहोचले आणि पुढच्याच महिन्यात कँटन व वुहान ही दोन्ही शहरे जपानच्या हाती पडली. माघार घेणाऱ्या सैन्याबरोबर हे पथक चुंगकिंगला गेले. पित्याच्या निधनाची वार्ता कोटणिसांना परदेशातच कळली. परत फिरावयास याहून सबळ कारण कोणते असू शकले असते? सहकाऱ्यांनी तसे सुचविलेही. परंतु ते पुढेच निघाले आणि फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला दाखल झाले. त्यानंतर एकेक सहकारी वय, प्रकृती वा अन्य कारणांनी मायदेशी परतला. शेवटी बसू येनानमध्ये आणि कोटणीस आघाडीवर, असे दोघेच उरले.

येथून पुढची दोन-अडीच वर्षे हा या आयुष्याचा गाभा आहे आणि नेमकी हीच वर्षे चित्रपटात सर्वांत कमी दिसतात. १९४० मध्ये कोटणीस शान्सी, चहार व होपे यांच्या सीमाप्रदेशात, वूताइ पर्वताच्या परिसरात गेले. कॅनडाचे थोर शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून याच प्रदेशात काम करीत असता शस्त्रक्रियेच्या वेळी बोटाला झालेल्या जखमेतून विषबाधा होऊन नोव्हेंबर १९३९ मध्ये मरण पावले होते. त्यांची जागा भरून काढणे सोपे नव्हते. या प्रदेशाची चहूबाजूंनी नाकेबंदी झालेली. औषधे, भूल देण्याची द्रव्ये, पट्ट्यांचे कापड, सर्वांचीच टंचाई. शेतकऱ्याच्या घराचे शस्त्रक्रियागृह करावयाचे, सुताराकडून साधने घडवून घ्यावयाची, वापरलेली पट्टी धुऊन पुन्हा वापरावयाची आणि शत्रू जवळ आला की रुग्णांसह सगळे रुग्णालय खेचरांवर लादून दुसऱ्या खोऱ्यात हलवावयाचे, असा तो संसार होता. १९४० च्या मोठ्या लढाईत आठशेहून अधिक जखमी त्यांच्या हाताखालून गेले आणि एका प्रसंगी सलग बहात्तर तास त्यांनी झोपेविना शस्त्रक्रिया केल्या, अशी नोंद आहे. जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून यांच्याच नावाने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते संचालक झाले.

या काळात त्यांनी केलेले सर्वांत मोलाचे काम शस्त्रक्रियेचे नव्हे, शिकविण्याचे होते. ते चिनी भाषा शिकले, ती लिहावयास शिकले आणि त्याच भाषेत खेड्यातून आलेल्या अर्धशिक्षित तरुणांना शरीरशास्त्र व शल्यकर्म शिकवू लागले. त्यांच्यासाठी पाठ्यपुस्तक लिहिण्याचे कामही त्यांनी हाती घेतले. एका डॉक्टरच्या दोन हातांना मर्यादा असतात. त्याने तयार केलेल्या शंभर हातांना त्या नसतात. ज्या देशात भांडवल नाही तेथे कौशल्य हेच भांडवल, हे अर्थशास्त्राचे प्राथमिक सूत्र त्यांनी कोणत्याही ग्रंथाविना आचरिले.

बेथ्यून यांच्या समाधीच्या कार्यक्रमात, जून १९४० मध्ये, त्यांची क्वो चिंग-लान या परिचारिकेशी भेट झाली. १९४१ च्या अखेरीस दोघे विवाहबद्ध झाले. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला आणि त्याचे नाव ठेवले गेले यिन-ह्वा. यिन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन. त्याआधी महिनाभर कोटणीस चीनच्या कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले होते. चित्रपटाच्या आठवणींत रमणाऱ्यांना हा तपशील थोडा अडचणीचा वाटतो आणि म्हणून तो बहुधा अनुच्चारित राहतो. पण तो त्यांच्या चरित्राचा भाग आहे. अतिश्रम व अपुरा आहार यांनी त्यांचे शरीर खचले होते. अपस्माराचे झटके येऊ लागले. आघाडी सोडून उपचारासाठी जावे हा सल्ला त्यांनी मानला नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी अशाच झटक्यांनी त्यांचा अंत झाला. मुलगा तेव्हा साडेतीन महिन्यांचा होता.

डॉ. बसू परतल्यावर त्यांच्याकडून मिळालेल्या माहितीच्या आधारे ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९४४ मध्ये पुस्तक लिहिले आणि त्यावरून १९४६ चा चित्रपट आला, हिंदीत आणि इंग्रजीतही. त्याची घडण समजून घ्यावयाची तर युद्धकाळाचे अर्थकारण पाहिले पाहिजे. कच्ची फिल्म परदेशातून येई आणि तिच्यावर सरकारी नियंत्रण होते. बोलपटाची लांबी अकरा हजार फुटांवर, म्हणजे सुमारे दोन तासांवर, रोखण्यात आली होती. जपानशी लढणाऱ्या चीनचा विषय सरकारला वावगा वाटण्याजोगा नव्हता आणि काँग्रेसने पाठविलेल्या डॉक्टरांची कथा राष्ट्रीय वृत्तीच्या प्रेक्षकाला प्रिय होती. हा दुहेरी मेळ शांतारामांनी अचूक साधला. मात्र दोन तासांत पट्ट्या धुणे आणि चिनी अक्षरे गिरविणे कसे दाखविणार? पडद्यावरचे कोटणीस म्हणूनच भयंकर साथीशी झुंजतात, उपाय शोधण्यासाठी स्वतःच्या शरीरात रोगाचे विष टोचून घेतात, जपान्यांच्या कैदेत सापडतात. हे नाट्य परिणामकारक आहे, यात शंका नाही. गिरणीची पाळी संपवून चित्रगृहात आलेल्या कामगाराला त्याने हलवून सोडले असेल. तथापि त्यामुळे एक गैरसमज रूढ झाला, तो असा की कोटणिसांचे मोठेपण एका अलौकिक क्षणात होते. वस्तुतः ते हजारो सामान्य दिवसांत होते, आणि सोलापुरातील सामान्य घरातून गेलेल्या तरुणालाच ते साधण्याजोगे होते.

चित्रपटाच्या शेवटासंबंधी मात्र तक्रार करवत नाही. मरणासन्न नायक पत्नीला सांगतो की ती भारतात जाईल तेव्हा सासरी तिचे कसे स्वागत होईल. आणि त्याच्या शब्दांबरोबर पडद्यावर ती, कडेवर मूल घेऊन, त्या घराच्या उंबऱ्याशी येते. शौकिनांच्या बैठकीत या दृश्याचे वर्णन करताना भल्याभल्यांचा कंठ दाटतो. हे वास्तवात तसे घडले नाही. चिंग-लान चीनमध्येच राहिल्या. पुढे त्या अनेकदा भारतात आल्या, कोटणीस कुटुंबाशी त्यांचा स्नेह अखेरपर्यंत टिकला आणि २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले. दोन देशांचे नाव धारण करणारा यिन-ह्वा वैद्यकाचे शिक्षण घेत असताना १९६७ मध्ये ऐन पंचविशीत गेला. त्यापूर्वी पाच वर्षे, १९६२ मध्ये, त्याच्या नावातील दोन्ही देश परस्परांशी लढले होते.

कोटणिसांची समाधी होपे प्रांतातील शीच्याच्वांग येथील हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत आहे. बेथ्यून यांचीही तेथेच आहे. १९८२ मध्ये चीनने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकिटे काढली आणि त्याच वर्षी तेथे त्यांच्यावर चित्रपटही निघाला. भारताच्या टपाल खात्याला तिकीट काढण्यास १९९३ साल उजाडले. सोलापुरात भैया चौकातील त्यांच्या घराच्या जागी स्मारक झाले आहे. चिनी पाहुणे भारतात आले की तेथे आवर्जून जातात. शांतारामांच्या चित्रपटावर रात्र रात्र बोलणाऱ्या शौकिनांपैकी त्या स्मारकाची पायरी किती जण चढले आहेत, हे पुढच्या बैठकीत कोणीतरी विचारून पाहावे.